सोवर, होवर, ओवर

मिठाला गोंडीत काय म्हणतात? उत्तर एकच नाही. उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या गोंडी बोलींत ‘सोवर’, मधल्या पट्ट्यात ‘होवर’, तर दक्षिणेच्या आणि आग्नेयेच्या बाजूला ‘ओवर’. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात गोंडीच्या अनेक बोली शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा यांतली बरोबर कोणती, असा प्रश्न शिक्षकाला पडणे साहजिक आहे.

आधी एक प्रयोग करू. तोंडाने लांब ‘स्ऽऽ’ म्हणा. जिभेचे टोक वरच्या हिरडीजवळ जाते, मधे बारीक फट उरते आणि हवा घासत, शिट्टीसारखा आवाज करत बाहेर पडते. आता श्वास चालू ठेवूनच जीभ हळूहळू खाली सोडा. शिट्टी विरते, ‘ह्’ उरतो. श्वासाचा जोरही कमी केला, की राहतो नुसता स्वर. म्हणजे ‘स’, मग ‘ह’, मग काहीच नाही, हा श्रम कमी करत जाणारा उतार आहे.

हा उतार गोंडीपुरता नाही. संस्कृत ‘सप्त’ला फारसीत ‘हफ्त’ म्हणतात. आपला ‘हप्ता’ तिकडूनच आला. प्राचीन ग्रीकमध्ये सातला ‘हेप्ता’ म्हणत. आजच्या ग्रीकमध्ये ‘ह’ही गेला, उरले ‘एप्ता’. सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारे मिठाला ‘उप्पु’ म्हणतात. हाही ‘सोवर’चाच दूरचा भाऊबंद, आणि त्याचेही पहिले व्यंजन गळालेले आहे.

भाषाशास्त्रज्ञ भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी १९९८ मध्ये गोंडी बोलींतला हा बदल तपासला. त्यांना दिसले, की बदल सगळ्या शब्दांत एकदम होत नाही. तो शब्दाशब्दाने पसरतो. काही शब्द आधी बदलतात, काही मागून. दिशा मात्र एकच असते.

२०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख लोक होते. त्यांची मुले आपल्या वर्गात बसतात. पुस्तकात ‘सोवर’ छापले असेल आणि मूल ‘ओवर’ म्हणाले, तर त्यावर लाल रेघ मारण्याआधी थोडे थांबू या. ते मूल चुकलेले नाही. घरी ऐकले तेच ते बोलते आहे. फळ्यावर तिन्ही रूपे लिहावीत, कोणत्या गावात काय म्हणतात ते मुलांनाच विचारावे आणि तालुक्याच्या नकाशावर खुणा कराव्यात. भाषा कशी बदलते, हे मुलांना आपल्याच गावांत दिसेल.