अक्षरांची कारागिरी

घरातला मुलगा किंवा मुलगी "मला ग्राफिक डिझायनर व्हायचे आहे" असे म्हणू लागली, की आईबापांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. या धंद्यात पोट भरेल काय, हा पहिला. आणि त्यासाठी अंगी जन्मजात कला असावी लागते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे आम्ही मानतो. कला ही केवळ देवाची देणगी समजली, की तिचा मोबदला मागताना लाज वाटू लागते. तीच कमावलेली कारागिरी समजली, की ती शिकता येते, शिकवता येते आणि तिचा दरही ठरवता येतो.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. पुस्तकाचे पान, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, एस. टी. स्थानकावरचा फलक, सभेचे भित्तिपत्रक, मोबाइलच्या पडद्यावरचा मजकूर, अशा जे जे वाचायचे आहे त्याची मांडणी करणारा तो ग्राफिक डिझायनर. मजकूर एकाचा, पैसा दुसऱ्याचा आणि वाचणारा तिसराच. या तिघांच्या मध्ये उभे राहून मजकूर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत बिनअडथळा पोचवणे, हे त्याचे काम. कामगारांच्या मागण्यांची पत्रके काढण्यात आमचे आयुष्य गेले. न वाचले गेलेले पत्रक म्हणजे वाया गेलेला कागद, हे आम्हांला कोणी सांगावे लागत नाही.

ही कारागिरी कमावता कशी येते, याचा एक उत्तम दाखला म्हणजे यान चिखोल्ड. १९०२ साली जर्मनीतील लाइपझिग शहरी तो जन्मला. लाइपझिग ही त्या काळी ग्रंथव्यवसायाची मोठी पेठ होती आणि चिखोल्डचा बाप पाट्या रंगवणारा पेंटर होता. मुलाला चित्रकार व्हायचे होते. पण त्या धंद्याचा भरवसा नाही म्हणून घरच्यांनी त्याला चित्रकला-शिक्षकाच्या अभ्यासाला घातले. तेथून तो लाइपझिगच्या ग्रंथकलेच्या अकादमीत गेला. तेथे त्याने हाताने अक्षरे गिरवली, जुने नमुने पाहिले, आणि विशीच्या सुमारास संध्याकाळच्या वर्गात इतरांना अक्षरलेखन शिकवू लागला. त्याची पहिली सवय येथे दिसते : आधी हात तयार करायचा, मते नंतर.

मतेही लवकरच आली. १९२३ साली वायमार येथील बाउहाउसचे प्रदर्शन पाहून तो भारावला. नक्षी नको, वेलबुट्टी नको, साधी ठसठशीत अक्षरे आणि मोकळी जागा हवी, असे तो सांगू लागला. १९२८ साली 'नवी मुद्रणकला' या अर्थाच्या नावाचे त्याचे पुस्तक निघाले. ते कोणी काढले? एखाद्या धनिक प्रकाशकाने नव्हे. जर्मन मुद्रण-कामगारांच्या शिक्षणसंस्थेने ते छापले. कामगाराचे हात जे करतात त्यामागचा विचारही कामगाराला कळला पाहिजे, असे मानणारी ती चळवळ होती. पुस्तकही खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना समजेल असेच लिहिलेले होते. दुसरी सवय ही : आपले ज्ञान लिहून काढायचे, आणि ज्याने ते वापरायचे त्याच्यासाठी लिहायचे.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. चिखोल्ड तेव्हा म्युनिकच्या मुद्रणशाळेत शिक्षक होता. त्याला अटक झाली, नोकरी गेली आणि काही आठवडे तुरुंगात काढल्यावर त्याने बायकामुलासह स्वित्झर्लंड गाठले. तेथे परका माणूस म्हणून त्याने अर्धवेळ कामांवर संसार चालवला. याच काळात त्याची मते बदलत गेली. कादंबरीचे पान आणि जाहिरात यांना एकच नियम लावता येत नाही, मध्याशी जुळवलेली जुनी मांडणी ग्रंथाला शोभते, असे तो म्हणू लागला. १९४६ साली मॅक्स बिल या स्विस कलावंताशी त्याचा यावरून जाहीर वाद झाला. आपल्याच जुन्या हट्टात हुकूमशाहीची छटा होती, इथपर्यंत चिखोल्ड गेला. ही तुलना आम्हांला ताणलेली वाटते. परंतु ज्या मतांवर नाव झाले तीच मते तपासायला घेणे सोपे नसते. ही त्याची तिसरी सवय.

१९४७ साली त्याला लंडनच्या पेंग्विन प्रकाशनाचे बोलावणे आले. ॲलन लेन याने १९३५ साली सहा पेन्सला एक पुस्तक विकून सामान्य माणसाच्या हाती चांगले वाङ्मय दिले होते. पुस्तके लाखांनी खपत, पण ती अनेक छापखान्यांत छापली जात आणि प्रत्येक छापखान्याची रीत निराळी. चिखोल्डने चारच पानांचे नियमपत्रक काढले. दोन शब्दांमधली जागा साधारण इंग्रजी 'आय' या बारीक अक्षराच्या रुंदीइतकी असावी; पूर्णविरामानंतर जादा जागा सोडू नये; अशा बारीकसारीक गोष्टी त्यात होत्या. शीर्षकातील मोठ्या अक्षरांमधली जागा मोजपट्टीने नव्हे, डोळ्याला सारखी दिसेल अशी ठेवा, हे बजावण्यासाठी त्याने एक रबरी शिक्काच करून घेतला आणि तो प्रुफांवर मारू लागला. सुरुवातीला कोणी दाद देईना. तो मात्र रोज प्रुफांचे गठ्ठे दुरुस्त करीत राहिला. कोणी हुज्जत घातली की त्याचे इंग्रजी एकदम कच्चे होई, अशी आठवण सांगतात! १९४९ साली तो परतला तेव्हा पाचशेहून अधिक पुस्तकांवरून त्याचा हात फिरला होता.

लेखी नियमांसाठी आम्ही कारखान्यांत भांडत आलो, कारण नियम नसला की मुकादमाची लहर हाच नियम होतो. चिखोल्डची चार पाने त्याच जातीची होती. जुळाऱ्याला आपल्याकडून काय हवे ते नेमके कळले आणि स्वस्त पुस्तक घेणाऱ्यालाही श्रीमंताच्या पुस्तकाइतके नेटके पान मिळाले.

मात्र हे नियम आपण जसेच्या तसे उचलू नयेत. देवनागरीत शिरोरेषेने अक्षरे एकमेकांना बांधलेली असतात. त्यांत फट पाडली की शब्दच तुटतो. उलट वर मात्रा-वेलांट्या व खाली उकार असल्यामुळे दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा जास्त जागा लागते. नियम परका असेल, पण आपल्या अक्षराकडे निरखून पाहण्याची सवय परकी नाही.

आज संगणकावर कोणीही घटकाभरात पत्रिका करतो आणि यंत्रे मागाल तसे चित्र काढून देतात. मग शिकायचे कशाला, असे मुले विचारतात. यंत्र दहा नमुने देईल. त्यांपैकी म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय कोणता वाचता येईल, हे ओळखणारा डोळा सरावानेच येतो. म्हणून रोज थोडे हाताने लिहावे, चांगली पाने जमवावीत, आपले काम महिन्याने पुन्हा तपासावे, छापखान्यात जाऊन यंत्रावर उभे राहावे.

शेवटची गोष्ट पैशाची. 'नमुना करून दाखव, आवडला तर पुढचे पाहू' असे म्हणून तरुणांकडून फुकट काम करून घेण्याची चाल सर्रास आहे. एकट्याने नकार दिला तर काम दुसऱ्याकडे जाते. म्हणून गावातील या मुलामुलींनी एकत्र बसावे, किती नमुने व किती दुरुस्त्या कोणत्या दरात हे लेखी ठरवावे आणि ते सर्वांनी पाळावे. जर्मन मुद्रण-कामगारांनी आपल्या शिक्षणाची सोय आपणच केली होती. दर ठरवणे हेही त्याच शिक्षणाचे पुढचे पान आहे.