मायक्रोवेव्ह म्हणजे भट्टी नव्हे

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, लादीपाव केला गं. काढला तेव्हा मऊ होता, दहा मिनिटांत दगड झाला. यीस्ट शिळं असेल का?" कशात भाजलास, मी विचारलं. "ओव्हनमध्ये." कुठल्या ओव्हनमध्ये? "अगं तोच, ज्यात दूध गरम करतो."

यीस्ट ताजं होतं. पीठ दुप्पट फुगलं होतं. तिने कृतीत काही चुकवलं नव्हतं. दुकानदाराने साधा, म्हणजे सोलो मायक्रोवेव्ह विकताना तिला छातीठोकपणे सांगितलं होतं की यात केक, पाव, बिस्किटं सगळं होतं, वेगळा ओव्हन घ्यायची गरज नाही. मी शेजारपाजारच्या मुलींना आणि सुनांना पाव-केक शिकवते, आणि हे वाक्य मला इतक्यांदा ऐकायला मिळालं आहे की आता ते ऐकताच चीड येते. मुली आठवडाभर साहित्य जमवतात, सुट्टीच्या दिवशी उत्साहाने करायला घेतात, पदार्थ फसतो, आणि दोष जातो त्यांच्या हाताला. "आपल्याला नाही बाई जमत" म्हणून डबे माळ्यावर जातात.

यातला अर्धा घोळ शब्दाचा आहे. आपल्या घरांत मायक्रोवेव्हलाच ओव्हन म्हणतात. "आमटी ओव्हनमध्ये गरम करून घे" हे वाक्य रोजचं झालं आहे. मग पाककृतीत "ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३५ मिनिटे" असं लिहिलेलं दिसलं की माणूस त्याच यंत्राचं बटण दाबणार, त्यात नवल ते काय!

हे यंत्र भट्टीच्या घराण्यातलं नाहीच. त्याचा उगम रडारमध्ये आहे. रडारसाठी लागणारी मॅग्नेट्रॉन नावाची नळी बनवणाऱ्या रेथिऑन या अमेरिकन कंपनीत पर्सी स्पेन्सर यांच्या लक्षात १९४५ च्या सुमारास आलं की तिच्यातून निघणाऱ्या लहरींनी खाण्याचा पदार्थ तापतो. दोन वर्षांत त्यावर पहिलं व्यावसायिक यंत्र निघालं. आपल्या ओट्यावरचं यंत्र आजही त्याच तत्त्वावर चालतं. साधारण २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत शिरतात आणि मुख्यतः त्यातल्या पाण्याला तापवतात. आतली हवा तापत नाही, भिंती तापत नाहीत. वाटीभर आमटी उकळल्यावर लगेच दार उघडून बघा. आमटीतून वाफ येत असते, पण आतली भिंत फार तर कोमट लागते.

पाणी उकळतं १०० अंशांना. पदार्थाच्या पृष्ठभागावर ओल आहे तोवर त्याचं तापमान १०० च्या फारसं वर जात नाही, आणि बाहेरची हवा थंड असल्यामुळे तो पृष्ठभाग उलट निवतच राहतो. पावाचा तांबूस रंग, नानकटाईचा खमंग वास, केकची खरपूस कड या सगळ्यांच्या मागे जी रासायनिक प्रक्रिया आहे, ती लुई कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने तिचं वर्णन १९१२ मध्ये केलं. ही प्रक्रिया जोर धरते ती साधारण १४० अंशांच्या पुढे. साखर करपून कॅरॅमल व्हायला त्याहूनही जास्त उष्णता लागते. सोलो मायक्रोवेव्हमध्ये पावाची कड तिथपर्यंत पोचतच नाही. रंग येत नाही म्हणून आपण आणखी दोन मिनिटं लावतो, त्या दोन मिनिटांत आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि गार होताच पाव चामड्यासारखा चिवट होतो. भाचीचा दगड असा तयार झाला.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "पण मी त्यात केक केलाय आणि छान झालाय." झाला असेल, मी खोटं म्हणत नाही. मैद्यातला स्टार्च फुलायला आणि अंडं घट्ट व्हायला १०० अंशांखालची उष्णता पुरते. भट्टीतला केकही पूर्ण होतो तेव्हा त्याचा गाभा ९५-९८ अंशांवरच असतो. म्हणून मगमधला दोन मिनिटांचा केक फुगतो आणि गरम असताना चांगलाही लागतो. पण तो नात्याने ढोकळ्याला जवळचा. शिजलेला असतो, भाजलेला नसतो. पावाला आणि बिस्किटाला मात्र भाजण्यावाचून गत्यंतर नाही.

आपल्या आज्यांना हे पुस्तकाशिवाय कळत होतं. कोकणात काकडीचं धोंडस करताना जाड बुडाच्या भांड्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवत. गोव्यात बेबिंकेचा प्रत्येक थर वरून निखाऱ्यांची धग देऊन तांबूस करतात, मग त्यावर पुढचा थर ओततात. वरची धग काढून घेतली तर बेबिंका होणारच नाही. तिथल्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोई फुगते ती लाकडं जाळून तापवलेल्या भट्टीच्या तळामुळे. दिवाळीत नानकटाईचं पीठ मळून पत्र्याचे ट्रे गल्लीतल्या बेकरीत भाजायला नेणाऱ्या घरांनाही ठाऊक होतं की चुलीवर हे काम होत नाही, त्याला सगळ्या बाजूंनी धग लागते. यंत्र विकत घेताना विचारायचं ते एवढंच. धग कुठून येते, आणि किती?

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये लहरींखेरीज एक तापणारी कॉइल आणि पंखा असतो. कन्व्हेक्शनचं बटण दाबलं की तो खराखुरा ओव्हन होतो. घरात जागा कमी असेल, आमटी-भात गरम करणं रोजचं आणि केक महिन्यातून एकदा असेल, तर हेच घ्या, मी मनापासून सांगते. त्याच्या मर्यादा मात्र आधी माहीत हव्यात. बहुतेकांमध्ये खाली रॉड नसतो, त्यामुळे पावाचं बूड फिकं राहतं. शेवटची पाच मिनिटं पाव साच्यातून काढून उलटा ठेवला तर बरंचसं जमतं. फिरत्या ताटलीमुळे मोठा चौकोनी ट्रे आत अडतो. आणि पत्र्याचा डबा फक्त कन्व्हेक्शनवरच ठेवायचा, लहरी चालू असताना नाही.

ज्यांना पाव, खारी, बिस्किटं नेमाने करायची आहेत त्यांनी ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल घ्यावा. खाली रॉड, वर रॉड, आणि हवा तो चालू करायची सोय. निखाऱ्यांचं तेच तत्त्व, फक्त विजेवर. किती लिटरचा घ्यावा यावर दुकानात तासभर चर्चा होते, पण लिटर म्हणजे आतल्या पोकळीचं माप, तुमचा डबा त्यात कसा बसतो ते त्यावरून कळत नाही. दुकानात जाताना घरातला सर्वांत मोठा केकचा डबा पिशवीत घालून न्या. तो आत ठेवल्यावर चारही बाजूंना निदान चार-पाच सेंटिमीटर आणि वर रॉडपर्यंत बऱ्यापैकी मोकळी जागा राहिली पाहिजे. लहान ओव्हनमध्ये केक फुगून वरच्या रॉडला भिडतो, वरून काळा होतो आणि आतून ओला राहतो. चार माणसांच्या घराला २५ ते ३० लिटर सहसा पुरतो.

आता दुसरा मोठा गैरसमज. डायल १८० वर फिरवला म्हणजे आत १८० अंश झाले, असं सगळे धरून चालतात. घरगुती ओटीजीत तापमान राखायला बहुधा दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. ती तापली की वाकते आणि रॉड बंद करते, निवली की सरळ होऊन पुन्हा चालू करते. म्हणजे आतलं तापमान कायम वरखाली होत असतं. शिवाय पट्टी असते भिंतीपाशी आणि केक असतो मधे. डायलवरचा आकडा आणि खरं तापमान यांत वीस अंशांचा फरक पडला तर यंत्र बिघडलंय असं समजू नका. ओव्हनचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो, आणि महागड्या साच्यांआधी तो घ्यावा.

थर्मामीटर नसेल तर चमचाभर साखर घ्या. शुद्ध साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन १७५ वर नीट तापवून, फॉइलच्या वाटीत साखर ठेवून पंधरा मिनिटांनी बघा. ती कोरडी राहिली पाहिजे. मग १९० वर तेवढाच वेळ ठेवा. आता तिचं पाणी झालं पाहिजे. १७५ वरच वितळली तर तुमचा ओव्हन डायलपेक्षा गरम आहे, १९० वरही तशीच राहिली तर थंड आहे. ओव्हन तापवायचा म्हणजे दिवा विझेपर्यंत नव्हे, त्यानंतर आणखी दहा मिनिटं. दिवा विझतो तेव्हा हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे अजून तापायचे असतात. दार उघडताच हवा निघून जाते, पण तापलेली भिंत धग धरून ठेवते.

अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेल्या कृतीत ३५० लिहिलेलं असतं आणि आपला डायल २५० ला संपतो, म्हणून "आपला ओव्हन कमी ताकदीचा" असं बऱ्याच जणी समजतात. तिथला आकडा फॅरनहाइटचा आहे. ३५० फॅरनहाइट म्हणजे आपले जेमतेम १७७ अंश.

मायक्रोवेव्हने अन्नात किरणोत्सर्ग राहतो, हेही ऐकू येतं. राहत नाही. या लहरी अणूंची मोडतोड करण्याइतक्या ताकदीच्या नाहीत, आणि यंत्र बंद झाल्यावर त्या उरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. दार नीट लागत नसेल किंवा जाळी फाटली असेल तर मात्र यंत्र वापरू नका.

ओव्हनने विजेचं बिल दुप्पट होतं? १५०० वॅटचा ओव्हन तासभर अखंड चालला तरी दीड युनिट. प्रत्यक्षात रॉड मधेमधे बंद होतो, म्हणून त्याहून कमीच. बिलापेक्षा प्लगची काळजी करा. स्वयंपाकघरातल्या लहान ६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे १३८० वॅटपर्यंतच भार टाकता येतो. त्यापुढच्या ओव्हनला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच लागतो. तिथे ॲडाप्टर लावून काम भागवणं म्हणजे वायर तापवणं.

पंखा लावला की सगळंच चांगलं भाजतं, असं नाही. बिस्किटांना पंखा छान. स्पंज केकची वरची साय मात्र लवकर धरते आणि मग तो मधोमध फुटतो. पंखा लावलात तर तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरवा.

ओव्हनशिवाय केक होत नाही, हाही गैरसमजच. रव्याचा केक जाड बुडाच्या झाकणाच्या पातेल्यात, आत स्टँड ठेवून, मंद गॅसवर उत्तम होतो. धग फक्त खालून असल्याने वरून पांढरट राहतो, इतकंच. त्यासाठी प्रेशर कुकर वापरू नका. पाण्याशिवाय कुकर तापवू नये, असं त्याच्यासोबतच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. कोरड्या धगीने रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह खराब होतात, आणि त्याच कुकरमध्ये दुसऱ्या दिवशी आपण डाळ लावतो.

शेगडीबद्दल एक गोष्ट मात्र कुणी सांगतच नाही. मुंबई-पुण्यात पाइप गॅस आलेल्या घरांत बऱ्याच वेळा सिलिंडरची जुनी शेगडी तशीच जोडून घेण्याचा आग्रह धरला जातो. सिलिंडरमधला एलपीजी घनफळाच्या हिशेबाने पाइप गॅसच्या सुमारे अडीच पट उष्णता देतो, म्हणून दोन्हींच्या जेटची भोकं वेगळ्या मापाची असतात. सिलिंडरची जेट पाइप गॅसवर ठेवली तर ज्योत मरतुकडी होते, आणि मग "मंद आचेवर ४० मिनिटं" तासाभरावर जातात. उलटं केलं, म्हणजे पाइप गॅसची शेगडी सिलिंडरला लावली, तर पिवळी उंच ज्योत उठते, भांडी काळी होतात, आणि ते धोक्याचं आहे. जेट बदलायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. नवी शेगडी घेताना आयएसआयचं चिन्ह बघा, आणि बर्नर झाकण ठेवलेल्या पातेल्याखाली अगदी मंद केल्यावर विझत नाही ना, तेही विचारा. काचेची चकाकी बघून शेगडी घेणाऱ्यांना हा प्रश्न सुचत नाही, आणि पातेल्यातल्या केकला तर नेमकी तीच मंद आच लागते.

भाचीने सोलो मायक्रोवेव्ह दूध-आमटीसाठी ठेवला आणि २८ लिटरचा ओटीजी घेतला. डबा सोबत नेला होता. ओट्याजवळ १६ अँपिअरचा सॉकेट नव्हता, तो आधी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. पहिल्या दिवशी तिने पीठ मळलंच नाही, साखर ठेवली. १९० वर साखर कोरडीच राहिली, २१० वर तिचं पाणी झालं. आता तिच्या डायलशेजारी कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे, "१८० हवं तर २०० लाव". परवा तिने लादीपाव आणून दिला. बूड तांबूस होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तो बोटाने दाबला की परत वर येत होता.