आधी क्लास, मग कार्ट

“दादा, एक कार्ट मिळतेय. १२५ सीसी, सहा गिअरची. मालकाला गॅरेज रिकामं करायचंय म्हणून पडेल भावात देतोय. घेऊ का?”

शनिवारी संध्याकाळी नेपरव्हिलहून फोन आला होता. वय ४१, नोकरीत बस्तान बसलेलं, मुलं आता आपली आपण आवरून शाळेत जातात, आणि इनडोअर ट्रॅकवर भाड्याची कार्ट चालवून हात शिवशिवायला लागलेले. मी विचारलं, “कुठल्या क्लासमध्ये उतरवणार?” पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आलं, “आधी कार्ट तर घेऊ, क्लासचं मग बघू.”

शिकागोच्या आसपास आणि वर विस्कॉन्सिनमध्ये मी क्लब रेसिंग करतो. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळला की असा एखादा फोन ठरलेला. मराठी माणूस असला तर तो आणखी मोकळेपणानं विचारतो आणि मीही जरा जास्तच काळजीनं उत्तर देतो. कारण हौसेनं घेतलेली कार्ट दोन सीझन गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली मी पाहिली आहे, आणि ते बघवत नाही. माणूस हौशी असतो, पैसेही घातलेले असतात. चुकलेला असतो तो फक्त क्रम.

क्लास म्हणजे कोणतं इंजिन, कोणता टायर, ड्रायव्हरसकट किमान वजन किती आणि वयाची अट काय, याचा ठरलेला संच. अमेरिकेत प्रत्येक क्लब आपापले क्लास ठरवतो. एखाद्या ट्रॅकवर एलओ-२०६ इंजिनाच्या सीनियर क्लासमध्ये वीसेक गाड्या उभ्या राहतात आणि गिअरवाल्या शिफ्टरमध्ये दोन. तासाभराच्या अंतरावरच्या दुसऱ्या ट्रॅकवर केए-१०० इंजिनाचा क्लास जोरात असतो. म्हणून पहिलं काम एवढंच: घरापासून दीड-दोन तासांत पोचता येईल असा ट्रॅक शोधायचा, रेसच्या दिवशी सकाळी तिथे जायचं आणि प्रत्येक क्लासच्या ग्रिडवरच्या गाड्या मोजायच्या. मोठ्यांच्या ज्या क्लासमध्ये सगळ्यात जास्त गाड्या आणि सगळ्यात जास्त नवखे, तो तुमचा क्लास. वीस जणांत शेवटून तिसरे असलात तरी पुढे-मागे कुणीतरी असतंच, दर फेरीला लढत असते. दोन जणांच्या क्लासमध्ये दुसरे आलात तर करंडक मिळेल, शिकायला काही मिळणार नाही. शिवाय रविवारी सकाळी साखळीची कडी तुटली तर तीच साखळी वापरणारा शेजारी पॅडॉकमध्ये असायला लागतो.

“हे तर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन”

एलओ-२०६चं नाव काढलं की हे ऐकू येतंच. मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं हे २०४ सीसी, फोर-स्ट्रोक, हवेनं थंड होणारं इंजिन. ताकद जेमतेम ९ हॉर्सपॉवर. त्याच्याशेजारी टू-स्ट्रोक इंजिनं ठेवा: केए-१०० म्हणजे २२च्या आसपास, एक्स-३० म्हणजे ३०च्या आसपास, आणि गिअरवाली शिफ्टर ४५च्या वर. आकडे असे ओळीनं मांडले की मन साहजिकच उजवीकडे धावतं.

गवत कापायच्या यंत्राचं म्हणून नाक मुरडायचं असेल तर १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सनं बनवलेली पहिली कार्टही त्यात आली. तिलाही तसल्याच यंत्राचं छोटं इंजिन होतं. या खेळाची सुरुवातच तिथून झाली.

खरा मुद्दा वेगळा आहे. ताकदवान इंजिन चुका पोटात घालतं. वळणावर कार्ट नको तेवढी घसरली, वेग गेला, तरी बाहेर पडताना पाय दाबला की ३० हॉर्सपॉवर तो वेग परत आणून देतात. चालवणाऱ्याला आपलं चुकलं हे कळतही नाही. २०६मध्ये वळणात घालवलेला वेग पुढच्या सरळ रस्त्याच्या टोकापर्यंत परत येत नाही आणि तेवढ्यात दोघं शेजारून निघून जातात. चूक कुठे झाली ते त्याच क्षणी कळतं. पहिल्या सीझनला याहून चांगला मास्तर मिळणार नाही असं माझं ठाम मत आहे.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट आहे. टू-स्ट्रोक इंजिन हे चालवण्याशिवाय स्वतंत्रच काम आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं. सकाळची गार हवा दुपारी तापली की कार्ब्युरेटर पुन्हा जुळवायचा. मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडलं, की पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो आणि सगळा दिवस गेला. ठरावीक तासांनी इंजिन उघडून पिस्टन बदलायचा ते वेगळंच. हे शिकण्यात आनंद आहे, मी स्वतः तो घेतला आहे. पण ज्यानं अजून ब्रेकिंगची जागा पक्की केलेली नाही, त्यानं दिवसाचे चार तास कार्ब्युरेटरपुढे घालवायचे आणि ट्रॅकवर चाळीस मिनिटं, हा हिशेब जुळत नाही. २०६ कारखान्यातून सील होऊन येतं. सील तोडायचं नाही, आतलं काही खरवडायचं नाही. वेळच्या वेळी ऑइल बदला, क्लच साफ ठेवा, साखळीचा ताण बघा. ६,१०० आरपीएमच्या वर ते फिरत नाही, त्यामुळे टिकतं. कार्ब्युरेटरमधली स्लाइड बदलली की तेच इंजिन लहान मुलांच्या क्लासलाही चालतं. बाप आणि लेक एकाच जातीचं इंजिन वापरतात आणि सुटे भाग एकाच डब्यात राहतात.

त्यातून २०६ म्हणजे रांगतं असंही समजू नका. लांब सरळ रस्त्यावर ते ताशी ९० किलोमीटरपर्यंत जातं, आणि बूड जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर असतं.

“भाड्याच्या कार्टवर मी नेहमी पहिला येतो”

उत्तम आहे. ट्रॅक वाचायची नजर आणि पुढच्याला गाठायची जिद्द तिथून येते. पण भाड्याची कार्ट भोवतीच्या बंपरसकट जड असते, तिचे टायर टिकावेत म्हणून कडक असतात आणि चॅसिस मार खायला बनवलेली असते. रेसिंग कार्टला ना सस्पेन्शन असतं ना डिफरन्शियल. मागची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलवर, दोन्ही एकाच गतीनं फिरणारी. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. मग कार्ट वळते कशी? आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं म्हणून. स्टिअरिंग वळवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, चॅसिसच्या नळ्या पिळल्या जातात आणि त्याच बाजूचं, म्हणजे आतलं मागचं चाक वर येतं. वळण संपताना ते परत टेकतं. ते उशिरा टेकलं, लवकर टेकलं किंवा उचललंच गेलं नाही, की कार्ट कशी वागते हे ओळखता येणं म्हणजेच सेटअप समजणं. तेव्हा ज्या नळ्यांना आपण सांगाडा म्हणतो त्याच या गाडीच्या स्प्रिंगा आहेत, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं बरंच सोपं होतं.

जुनी कार्ट कशी बघायची तेही यातूनच कळतं. मी कुठलीही जुनी कार्ट बघायला गेलो की आधी मालकाला म्हणतो, “जरा आडवी करूया.” चमकते स्टिकर, नवं स्टिअरिंग, यांच्याकडे नंतर बघू. तळाच्या नळ्यांवरून बोट फिरवतो. कर्बवर घासून घासून गोल नळी खालून सपाट झालेली असते. थोडी झालेली चालते, पण बोटाला कडा लागायला लागली तर तिथला पत्रा पातळ झालेला आहे. मग सीटचे आधार आणि मागच्या बेअरिंगजवळचे वेल्डिंगचे सांधे चिंधीनं पुसून उजेडात बघतो. तिथे केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती तडा असते. एक्सल हातानं फिरवून टोकाकडे बघतो. वाकलेला असेल तर टोक डुलतं. एकदा मी हे न करता घाईत व्यवहार केला आणि पहिल्याच सरावात वेल्ड सुटला. तेव्हापासून अंधारात, पार्किंगमध्ये, टॉर्च लावून कार्ट घेत नाही.

अमेरिकेतला एक सापळा खास सांगायला हवा. इथे जुन्या कार्टच्या जाहिरातींत पुष्कळ कार्ट ओव्हल ट्रॅकच्या असतात. त्या फक्त डावीकडे वळण्यासाठी बनवलेल्या असतात, सीट आणि चाकांची मांडणी मुळातच एका बाजूला. उजवी-डावी वळणं असलेल्या स्प्रिंट ट्रॅकवर त्यांचा उपयोग नाही. दुसरा सापळा मुलांच्या चॅसिसचा. मोठ्यांच्या कार्टचा व्हीलबेस साधारण १,०४० मिलिमीटर असतो, लहान मुलांच्या कार्टचा ९५०च्या आसपास. टेप बरोबर न्या. आणि तिसरा, माझ्या फोनवाल्या मित्राचा: उत्तम स्थितीतली, स्वस्त, पण जिच्या इंजिनाला जवळच्या कुठल्याच ट्रॅकवर क्लास नाही अशी कार्ट. ती स्वस्त असते ती याच कारणानं.

नवी कोरी घेतली की हे प्रश्न सुटतात, पण पहिल्या सीझनला कर्ब आणि दुसऱ्यांचे बंपर भेटणारच. दोन-चार वर्षं जुनी, सरळ नळ्यांची, आणि ज्याचे भाग ट्रॅकवरच्या दुकानात मिळतात अशा ब्रँडची कार्ट नवशिक्याला पुरून उरते.

“माझं वय झालं”, “माझं वजन जास्त आहे”

ही दोन वाक्यं आपल्याकडे जोडीनंच येतात. किमान वजन मोजतात ते कार्ट, ड्रायव्हर, हेल्मेट, सूट असं सगळं मिळून, रेस संपल्यावर काट्यावर. २०६च्या मोठ्यांच्या क्लासेसमध्ये क्लबनुसार ते साधारण ३४० ते ३९० पौंडांच्या दरम्यान कुठेतरी असतं. हलका ड्रायव्हर सीटला शिशाचे ठोकळे बोल्टनं लावतो. ज्याचं वजन जास्त आहे त्यानं जड क्लास किंवा मास्टर्स बघावा. वयाची सीमा प्रत्येकाची वेगळी, पण मास्टर्स म्हणजे बहुधा तिशी-पस्तिशीच्या पुढचे लोक, सोमवारी सगळ्यांनाच ऑफिस गाठायचं असतं, आणि एकमेकांना जागा सोडण्याची रीत तिथे जास्त पाळली जाते. इतकंच लक्षात ठेवा की ताकद कमी असलेल्या क्लासमध्ये जास्तीचे वीस पौंड जाणवतात, म्हणून क्लास निवडताना स्वतःचं खरं वजन धरा, दिवाळीपर्यंत उतरवणार आहोत ते नव्हे.

वयापेक्षा त्रास देतात त्या बरगड्या. फायबरग्लासची सीट, वळणात दोन जीच्या आसपास बाजूचा जोर, मधे स्प्रिंग म्हणून काहीच नाही. सीट सैल असेल तर प्रत्येक वळणात बरगडी तिच्या कडेवर आपटते. चाळिशीनंतर बरगडी दुखावली की सहा आठवडे खोकताना आठवण राहते. बरगड्यांचं जाकीट पहिल्या दिवसापासून घाला आणि सीट आपल्या मापाची बसवा. आधीच्या मालकाची सीट त्याच्या कंबरेची असते. शिवाय सीट चॅसिसला चार ठिकाणी जखडलेली असते आणि ड्रायव्हर हा त्या गाडीतला सगळ्यात जड भाग. ती सेंटिमीटरभर मागे-पुढे झाली तरी वळताना कार्ट वेगळी वागते.

“बेल्टसुद्धा नाही, म्हणजे जीवघेणं”

घरच्यांचा हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. बेल्ट तिथे लागतो जिथे माणसाभोवती पिंजरा आहे. कार्टला पिंजरा नाही. ती उलटली तर बांधलेला माणूस तिच्याखाली सापडेल, सुटा माणूस बाजूला पडेल, म्हणून बेल्ट मुद्दाम नसतो. सूटही आगीसाठी नसतो, तो डांबरावर घासलं जाण्यापासून वाचवतो. हेल्मेट स्नेलच्या ‘के’ किंवा ‘एसए’ मानांकनाचं घ्या, आणि ते कधीही जुनं घेऊ नका. धोका आहेच. पण तो कशाचा आहे हे घरी स्पष्ट सांगितलं की बोलणं सरळ होतं.

पैशाचं थोडक्यात: कार्टची किंमत ही सुरुवात आहे. टायर, प्रवेश फी, सभासदत्व, साखळ्या, स्टँड, ट्रेलर, पेट्रोल हे सीझनभर चालू राहतं. यात टायर सगळ्यात जास्त खातात. २०६चा कडक टायर बऱ्याच रेस काढतो, टू-स्ट्रोकच्या वरच्या स्पर्धांत दर रेसला नवा सेट लागतो. पैसे उरतच असतील तर सरावाचे दिवस विकत घ्या.

महाराष्ट्रात राहून हे वाचणाऱ्यांसाठी गणित निराळं आहे, तत्त्व तेच. भारतात राष्ट्रीय कार्टिंग बरीच वर्षं रोटॅक्स मॅक्सभोवती फिरतं: ऑस्ट्रियन बनावटीचं १२५ सीसी, पाण्यानं थंड होणारं टू-स्ट्रोक. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर त्याच्या राष्ट्रीय फेऱ्या झालेल्या आहेत. तिथे शनिवार-रविवार संघाची कार्ट भाड्यानं घेऊन, त्यांच्याच मेकॅनिकच्या हाताखाली चालवून बघणं हा शहाणपणाचा मार्ग. एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स काढा, एखादा सीझन तसा काढा, मग खरेदीचं बोला.

नेपरव्हिलचा मित्र मे महिन्यात माझ्याबरोबर डाउझमनला आला. विस्कॉन्सिनमधल्या त्या छोट्या गावात बॅजर कार्ट क्लबचा जुना ट्रॅक आहे. त्यानं कुंपणाला टेकून सकाळभर ग्रिड मोजली, कागदावर रेघा ओढल्या. दुपारी माझी कार्ट स्टँडवर चढवायला हात लावला, साखळीला तेल घातलं, आणि हळूच विचारलं, “बसून बघू का?” पाय आत गेले, खांदे आत गेले, कंबर मात्र सीटच्या तोंडाशीच अडकली. मी टेप काढून माप घेतलं आणि त्याच्या कागदावर रेघांच्या खाली लिहिलं: २०६, मास्टर्स, सीट दोन नंबर मोठी.