पणती आकाशातून दिसते का?

वसुबारस झाली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते चित्र येतं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा आणि त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, लाल ठिपक्यांची अशी दाटी, की कुणी अंगणात रांगोळीच्या रंगांच्या चिमटी उधळल्यात असं वाटावं. खाली मजकूर असतो: दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत, नासानं टिपलेला. पाठवणारी मावशी सत्तरीची, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्यामागोमाग हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते. पुण्यातून, नाशिकमधून, न्यू जर्सीतल्या चुलत भावाकडून.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही भरून आलं होतं. आपण उंबऱ्यावर लावलेली पणती इतक्या उंचीवरून कुणाला तरी दिसली, ही भावनाच मोठी आहे. तेव्हा हे चित्र दिवाळीचं नाही, असं लिहिताना मला मावशीची चूक काढायची नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की त्या चित्राची खरी गोष्ट खालच्या मजकुरापेक्षा मोलाची आहे आणि ती आपल्याच घरांची आहे.

अमेरिकेत समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणारी ‘नोआ’ नावाची सरकारी संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी २००३ मध्ये हे चित्र तयार केलं. ते एका रात्रीचं छायाचित्र नाहीच. वेगवेगळ्या वर्षांच्या, ढग नसलेल्या रात्रींच्या नोंदी एकावर एक ठेवून ते बनवलेलं आहे. १९९२च्या आधीपासून जिथे दिवे दिसत होते तिथे त्यांनी पांढरा रंग भरला. १९९२ मध्ये जिथे नव्यानं दिसू लागले तिथे निळा, १९९८ मध्ये जिथे दिसू लागले तिथे हिरवा आणि २००३ मध्ये जिथे दिसू लागले तिथे लाल. वस्ती कशी वाढत, पसरत गेली हे एका नजरेत कळावं, एवढाच हेतू. म्हणजे लाल ठिपका फटाक्याचा नाही. तिथे काही वर्षांपूर्वी रात्री अंधार होता आणि आता दिवे आहेत. एखाद्या शहराची कड सरकली असेल, एखाद्या गावात खांब उभे राहिले असतील. ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आहे, त्यांना त्या लाल ठिपक्याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको.

या नोंदी ज्या उपग्रहांनी केल्या त्यांचं मूळ कामही वेगळंच होतं. ते अमेरिकी सैन्याचे हवामान उपग्रह. रात्री चांदण्यात ढग दिसावेत म्हणून त्यांच्यावर अतिशय हळवा प्रकाशमापक बसवलेला होता. ढग नसतील तेव्हा त्याच मापकाला खालची शहरं दिसू लागली. ढग पाहायला गेलेल्या यंत्राला माणसांची वस्ती सापडली आणि त्यातून रात्रीच्या पृथ्वीचा नकाशा काढण्याचं एक नवं शास्त्रच उभं राहिलं.

हे रंगीत चित्र दिवाळीचं म्हणून इतकं फिरलं, की २०१२ मध्ये नासालाच खुलासा करावा लागला. दिवाळीच्या दिवसांतच, १२ नोव्हेंबरच्या रात्री सुओमी एनपीपी या उपग्रहानं नोंदवलेलं भारताचं खरं चित्र त्यांनी प्रसिद्ध केलं. त्यात मुंबई आहे, दिल्ली आहे, गंगेच्या खोऱ्यातली दाट वस्ती आहे, पण रंगांची उधळण कुठेच नाही. दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो, की अवकाशातून तो बहुधा जाणवणारही नाही, असं नासानं सोबत स्पष्ट लिहिलं.

असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. हा उपग्रह जमिनीपासून सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्याच्या रात्रीच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण पाऊण किलोमीटर लांब-रुंद चौकोन. त्या चौकोनातले रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या, पेट्रोल पंप, खिडक्या या सगळ्यांचा उजेड एकत्र मोजला जातो आणि त्याची एकच संख्या होते. त्या बेरजेत पणतीचा वाटा किती असणार? शिवाय हा उपग्रह आपल्यावरून जातो तो रात्री दीडच्या सुमाराला. तोवर तुळशीपुढच्या पणतीतलं तेल संपलेलं असतं आणि घर झोपलेलं असतं.

मग सण अवकाशातून कधीच दिसत नाहीत का? दिसतात, पण नुसत्या डोळ्यांनी चित्र पाहून नाही. याच उपग्रहाच्या अनेक रात्रींच्या नोंदींची वर्षभराच्या सरासरीशी तुलना करून मिगेल रोमान आणि एलिनॉर स्टोक्स या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की नाताळच्या दिवसांत अमेरिकेतली मोठी शहरं आणि त्यांची उपनगरं नेहमीपेक्षा २० ते ५० टक्के जास्त उजळतात. रमजानच्या महिन्यात मध्यपूर्वेतल्या काही शहरांचा रात्रीचा उजेड ५० टक्क्यांहून अधिक वाढतो. उत्सवाची खूण तिथे आहे, फक्त ती आकड्यांत आहे आणि ती शोधायला चिकाटी लागते.

आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे उपग्रहाला जे अगदी ठळक दिसतं ते वेगळंच आहे. पंजाब-हरियाणात भाताची कापणी झाली की उरलेले खुंट पेटवले जातात. ते पेटलेले तुकडे उपग्रह एकेक करून मोजतो आणि दिवसाच्या चित्रात राखाडी धुराचा पट्टा गंगेच्या मैदानावर शेकडो किलोमीटर पसरलेला दिसतो. दिल्लीच्या पोरांच्या छातीत जाणारा तो हाच धूर. हे चित्र खरं आहे, दरवर्षीचं आहे, फुकट उपलब्ध आहे. ते मात्र आमच्या ग्रुपवर कुणी पाठवलेलं मला आठवत नाही.

रंगांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण गफलत बहुतेक वेळा तिथेच होते. उपग्रहाचा मापक आपल्या डोळ्यासारखा नसतो. आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही तो मोजतो आणि तो पडद्यावर दाखवायचा तर त्याला कुठला तरी दिसणारा रंग द्यावा लागतो. जगभर रूढ झालेली पद्धत अशी, की पानांवरून परतणारा अवरक्त प्रकाश लाल रंगात दाखवायचा. निरोगी पान हा प्रकाश भरपूर परतवतं, त्यामुळे अशा चित्रात मेळघाटाचं जंगल लालभडक दिसतं आणि कृष्णाकाठचा उसाचा पट्टाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, सगळं जळून गेलं. प्रत्यक्षात लाल म्हणजे हिरवं, आणि जिथे लाली फिकट तिथे पीक विरळ किंवा आजारी. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्रात बसून माणसं वर्षानुवर्षं ही लाली वाचत आली आहेत.

भारतात या वाचनाचा पाया घातला तो पी. आर. पिशारोटी यांनी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक. केरळात नारळाच्या झाडांना दुबळं करणारा रोग पसरला होता. १९७० मध्ये पिशारोटींच्या पुढाकारानं हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर त्या बागांची छायाचित्रं घेतली गेली आणि रोगट माड निरोगी माडांपासून वेगळे दिसले. स्वतःचा एकही उपग्रह नसलेल्या देशानं हे केलं. पुढे १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए उपग्रह अवकाशात गेला, त्याची ही सुरुवात. पहिला विचार नारळाच्या शेतकऱ्याचा झाला, याचा मला अभिमान वाटतो.

कधी कधी रंग खराच असतो. २०२०च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा लोकांनी चमत्कार म्हटलं, शाप म्हटलं, कुणी फोटोच खोटा ठरवला. लँडसॅट-८ उपग्रहाची २५ मे आणि १० जूनची चित्रं शेजारी शेजारी ठेवली, तर हिरवट पाणी दोन आठवड्यांत गुलाबी झालेलं लख्ख दिसतं. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असलेल्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचं सांगितलं. उपग्रहानं कधी आणि कुठे ते सांगितलं, का ते पाण्यात हात घालूनच कळलं.

पृथ्वीच्या सगळ्यात प्रसिद्ध छायाचित्राबद्दलही एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. ७ डिसेंबर १९७२ रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी सुमारे २९ हजार किलोमीटरवरून मागे वळून कॅमेरा धरला. आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान, खाली पांढराशुभ्र दक्षिण ध्रुव. मूळ फिल्मवर दक्षिण वरच्या बाजूला होती, छापताना चित्र फिरवलं. ‘निळी गोटी’ म्हणून ते जगभर गाजलं. पर्यावरणाच्या चळवळीनं त्याला आपलं मानलं. आपली पृथ्वी किती एकटी, किती नाजूक, असं म्हणत लोक त्याच्याकडे पाहत राहिले.

त्या चित्राच्या उजव्या वरच्या कडेला ढगांचा एक भोवरा आहे. दोनच दिवसांपूर्वी तामिळनाडूला झोडपून गेलेलं ते चक्रीवादळ. भारत त्याच कडेला आहे, कळेल न कळेल असा. आणि त्या दिवशी महाराष्ट्रात काय चाललं होतं? बहात्तरचा दुष्काळ. मराठवाड्यात, नगर-सोलापुरात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, लेकरं सुकडीवर जगत होती. ज्या चित्रानं जगाला पृथ्वीची माया लावली त्यात हे दिसत नाही, दिसणं शक्यही नव्हतं. पण त्याच वर्षी २३ जुलैला पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला होता. पिकं, पाणी, जमीन हेच पाहायला तो गेला होता. लोकांच्या भिंतींवर गोटीचं चित्र लागलं. लँडसॅटच्या चौकोनी पट्ट्या मोजक्या कार्यालयांत राहिल्या. मला दोन्ही प्रिय आहेत, पण दुष्काळ पाहिलेल्या माझ्या आजोबांना कुठलं चित्र कामाचं वाटलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

अख्ख्या पृथ्वीची आज दिसणारी अनेक चित्रं जोडून केलेली असतात, हे कळल्यावर काहीजण उलट टोकाला जातात आणि सगळंच बनावट म्हणतात. कारण सरळ आहे. सातशे किलोमीटरवरून अख्खा गोल नजरेत मावत नाही, पट्टे पट्टे घेऊन ते शिवावे लागतात. गोधडी तुकड्यांची असते म्हणून ती खोटी ठरत नाही. एका दमात घेतलेला अख्खा गोल हवा असेल तर तोही आहे. पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेला थांबलेल्या डिस्कव्हर या उपग्रहानं २०१५ पासून ते काम केलं.

आणि ही चित्रं कशाला हवीत, हे कोकणातल्या माणसाला विचारावं. उपग्रहाच्या ढगांच्या चित्रांशी आपलं नातं जुनं आहे. १९६३च्या अखेरीस हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या निमित्तानं मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत ही चित्रं थेट उतरवून घ्यायला सुरुवात झाली. पुढे इन्सॅट या भारतीय उपग्रहांचं ढगांचं चित्र दूरदर्शनच्या बातम्यांत रोज दिसू लागलं आणि ‘अरबी समुद्रात ढग आहेत’ हे वाक्य घराघरांत पोचलं. १९९९च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ तिथेच धडकलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलेलं होतं आणि मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. त्यामागे निवारे होते, रस्ते होते, गावोगाव फिरलेले कर्मचारी होते. आणि वादळ कुठे आहे हे तासातासाला दाखवणारं चित्रही होतं.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आदल्या दिवशी रायगड-रत्नागिरीतल्या लोकांच्या फोनवर इन्सॅटचं चित्र फिरत होतं. करड्या समुद्रावर पांढरा भोवरा. ते कुणाला सुंदर वाटलं नाही. होड्या वर ओढल्या गेल्या, कच्च्या घरांतून माणसं शाळांमध्ये गेली. नारळी-पोफळीच्या बागा वाचल्या नाहीत, त्यांना हलवता येत नव्हतं.

येत्या दिवाळीत ते रंगीत चित्र तुमच्याकडे आलं तर तीन गोष्टी विचारा: कोणत्या उपग्रहाचं, कोणत्या तारखेचं आणि रंग कुणी कशासाठी दिले. उत्तर मिळालं नाही तर पुढे पाठवू नका. भारतीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅटचं ताजं चित्र दर अर्ध्या तासाला येतं, ते मोफत आहे आणि त्यावर वेळ छापलेली असते. मी मावशीला त्याचा दुवा पाठवला आहे. तुम्ही तुमच्या मावशीला पाठवा.