टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणजे इंजिन ठीक झाले का?

नंदुरबार : चांदसैली घाट चढणारी दुचाकी असो की तापीकाठच्या शेतातला डिझेल पंप, इंजिनच्या डोक्यातून टिकटिक सुरू झाली की मेकॅनिकला सांगितले जाते, 'टॅपेट टाइट करा.' हेच महागात पडू शकते.

फट कशासाठी?
इंजिन तापले की व्हॉल्व्हची दांडी लांबते. त्यासाठी रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये केसाएवढी फट ठेवतात. हायड्रॉलिक टॅपेट ती आपोआप सांभाळतो. साध्या टॅपेटमध्ये ती हाताने लावावी लागते.

धोका कुठे?
फट जास्त असेल तर आवाज येतो, झीज होते. फारच कमी असेल तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. सीटवर टेकल्यावरच त्याची बरीचशी उष्णता निघून जाते. तो टेकलाच नाही तर कॉम्प्रेशन घटते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो.

योग्य पद्धत
बहुतेक इंजिनांत माप थंड असताना घेतात. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकमध्ये सर्वांत वर आणा. मॅन्युअलमधल्या मापाची फिलर गेजची पाती फटीत किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर माप पुन्हा तपासा. कानापेक्षा पातीवर विश्वास ठेवा.