लिनक्सला विषाणूची बाधा होते का?

समजा, अकोल्यातील झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह तुम्ही लिनक्सच्या संगणकाला जोडलात आणि त्यात विंडोजचा विषाणू आहे. काय होईल? बहुधा काहीच नाही. विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञा लिनक्सला उमगत नाहीत. तोच पेनड्राइव्ह मित्राच्या विंडोजवर गेला, तर मात्र बाधा तिथे!

लिनक्सचे स्वतःचे विषाणूही आहेत. 'ब्लिस' १९९७ मध्ये आढळला. परंतु मूळ प्रणालीत ढवळाढवळ करायला 'रूट'चा अधिकार लागतो. तुमच्या फाइलींना मात्र हे कुंपण नाही. तुम्हीच चालवलेला प्रोग्रॅम त्या पुसू शकतो. म्हणून त्यांची दुसरी प्रत हवीच.

विषाणुरोधकाचे काय? पुण्याच्या काटकर बंधूंच्या 'क्विक हील'सारखे प्रोग्रॅम मुख्यतः ओळखीच्या विषाणूंच्या खुणा शोधतात. घरच्या लिनक्सवर ते नसले तरी चालेल, असे माझे मत. प्रोग्रॅम मात्र लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावेत.

भांडारातही चोर शिरू शकतो बरे का! मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली आवळणाऱ्या साधनात चोरदरवाजा सापडला. तोवर तो डेबियन व फेडोराच्या चाचणी-आवृत्त्यांत पोचला होता. पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा त्याने छडा लावला.