परिवीक्षा आणि पुनरपराध

अपराध सिद्ध झालेल्या व्यक्तीस तत्काळ शिक्षा न देता, सद्वर्तनाचे बंधपत्र घेऊन, समाजातच परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवणे म्हणजे परिवीक्षा. बॉस्टनमधील जॉन ऑगस्टस या पादत्राणे बनविणाऱ्या गृहस्थाने १८४१ मध्ये एका मद्यप्यास जामीन राहून या पद्धतीचा पाया घातला, असे मानतात. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये यासाठी कायदा केला. पुढे अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ हा केंद्रीय कायदा आला. मृत्युदंडास वा आजन्म कारावासास पात्र नसलेल्या अपराधात त्यानुसार कमाल तीन वर्षांचे बंधपत्र घेता येते.

देखरेख जितकी कडक तितका पुनरपराध कमी, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. पीटरसिलिया व टर्नर यांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीत (१९९३) कडक देखरेखीमुळे पुन्हा अटक होण्याचे प्रमाण घटले नाही. अटींचे भंग मात्र अधिक उघडकीस आले व तुरुंगात जाणारेच वाढले. अँड्रूज, बोन्टा व होज यांच्या १९९० मधील मांडणीनुसार देखरेख व्यक्तीच्या धोक्याच्या प्रमाणात असावी. तिचा रोख अपराधास कारण होणाऱ्या गोष्टींवर, उदा., व्यसन, संगत, बेकारी यांवर असावा. आणि तिची रीत त्या व्यक्तीस पेलणारी असावी. अल्प धोक्याच्या व्यक्तीमागे लकडा लावल्यास तिचा रोजगार व आप्तसंबंध तुटून उलट अपायच होतो.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांत यांतील शेवटच्या अपेक्षेची कसोटी लागते. येथील अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाडीवर परततात. अशा एखाद्यावर ठराविक तारखेस हजेरीची अट घातली, तर ती हंगामात मोडणारच. हा भंग गुन्हेगारी वृत्तीचा पुरावा नव्हे. जमातच्या जमात गुन्हेगार ठरविणारा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; धोक्याचे मापन व्यक्तीचेच व्हावयास हवे. खोपोलीच्या कारखान्यात पाळीने राबणाऱ्या तरुणास कामाच्या दिवशी बोलावणे, हेही त्याच जातीचे अडाणीपण होय.

कायद्यात यावर तोड आहे, तिचा विसर मात्र सहज पडतो. चौथ्या कलमानुसार अपराध्याचे वा त्याच्या जामीनदाराचे निश्चित वास्तव्य किंवा नियमित काम न्यायालयाच्या हद्दीत असले तर पुरते. बंधपत्राच्या काळात अपराधी जेथे राहण्याचा संभव असेल ते ठिकाणही चालते. आठव्या कलमाने अटी बदलता येतात. नवव्या कलमानुसार पहिल्याच भंगाबद्दल बंधपत्र कायम ठेवून कमाल ५० रुपये दंडावर भागविता येते.